डोंगराला टेकवलेलं घर

(साल १९४५, पौष महिना. मुरबाडकडच्या डोंगरउतारावरलं विणकराचं घर. म्हातारा कोंडू आठ दिवसांनी म्हसाच्या जत्रेहून परतलाय. त्याला आता फारसं दिसत नाही. घरात त्याची सून गिरजा आणि गवंडी चंदर.)

कोंडू : ...नाय गो बाय, चुकून शिरलो. कोणाचं घर हाय हे?

गिरजा : अवो मामंजी, मी गिरजा. आपलंच घर.

कोंडू : आवाज गिरजेचा हाय खरा. पण घर आमचं नाय. आमच्याकडं उंबऱ्यापासून सात पावलं टाकली की काठी खड्ड्यात जाते. मी अकरा टाकली.

चंदर : आता बिनघोर चाला, काका. खड्डा बुजवला.

कोंडू : हा कोण?

चंदर : चंदर. लडकू गवंड्याचा पोर.

कोंडू : नि उजेड? सकाळचा उजेड माझ्या पोटरीवर पडतो. आज तोंडावर कसा?

चंदर : खिडकी वर घेतली. जमिनीपासून वीतभर खिडकी कोण ठेवतं, काका? त्यातनं काय कोंबड्यांचे पाय बघायचे? बांधणारा ताडी पिऊन बांधत असंल.

कोंडू : मी बांधलं हे घर.

चंदर : ...असं काय. मग तुमीच सांगा. मागली भिंत घातलीच नाय, डोंगर तसाच उघडा ठेवला. त्याला बारा महिने घाम. चुना थापून थापून माझे हात सोलले.

कोंडू : पाझर बंद केलास?

चंदर : खडखडीत.

कोंडू : गिरजा, मला बसव. कुठं बसू तेबी कळंना.

गिरजा : इथं बसा. पाणी घ्या. मामंजी, काय चुकलं आमचं? मला काय समजंना झालंय.

कोंडू : चंदर, खाली बस. खड्डा होता तिथं. नि हात पुढं कर.

चंदर : बसलो.

कोंडू : हातावर उजेड हाय?

चंदर : नाय. उजेड डोक्यावरनं जातोय.

कोंडू : विणणारा तसाच बसतो रे. जमिनीवर. पाय खड्ड्यात, पावड्यांवर. एक पावडी दाबली की अर्धे दोरे वर, दुसरी दाबली की बाकीचे. त्याला खिडकी तिथंच लागते, वीतभर वर. नि हवा सुकी असली की सूत तुटतं, म्हणून घर डोंगराच्या ओलीला टेकवलं. मी आधी माग मांडला, मग त्याच्याभोवती घर घातलं.

चंदर : आता झाली का पंचाईत.

गिरजा : पण मी नांदायला आले तवापासनं माग माळ्यावर हाय. खड्ड्यात मी कोंबड्या डालायचे. नि दिवाळीत तुमी त्यात पडलात. महिनाभर कंबर धरून बसलात. तुमचा ल्योक कसाऱ्याला रेल्वेत. मी एकटी. मी भ्याले हो मामंजी. म्हटलं, तुमी येईस्तोवर सगळं नीट करून ठेवावं.

कोंडू : कोणी विचारलं नाय, नि मी सांगितलं नाय. ती पिशवी उघड.

गिरजा : सूत हाय.

कोंडू : म्हसाला राहणाऱ्या माझ्या बहिणीनं दोन वर्सं कातलंय. एक लुगडं निघंल.

चंदर : लुगडं? रेशनला चिंधी मिळत नाय, काका.

गिरजा : कोणाला लुगडं?

कोंडू : तू जत्रेला का नाय आलीस?

गिरजा : म्हैस कोण बघणार?

कोंडू : म्हैस शेजारची जना बघणार होती. तू लुगडं धुतलंस की दाराला कडी घालतेस नि ते वाळेस्तोवर घोंगडीत बसून राहतेस. मला दिसत नाय गो. कडी ऐकू येते.

गिरजा : ...चंदर, ती कुदळ दे इकडं.

चंदर : थांब वयनी, मी खणतो. खिडकी पण खाली घेतो, चुना खरवडतो. काका, खड्डा किती खोल घेऊ? दोन हात?

कोंडू : हातानं मोजायचा नाय. विणणाऱ्याच्या पायानं. टाच पावडीवर टेकली पायजे.

चंदर : मग पाय सरळ करा, या दोरीनं माप घेतो.

कोंडू : माझं माप नको. हात चालतील माझे, पण दोरा तुटला तर दिसायचा नाय. नि एका लुगड्यात शंभर वेळा तुटतो.

गिरजा : मग विणणार कोण?

कोंडू : घरात डोळे कोणाचे हायत आता?

गिरजा : बाईमाणूस मागावर बसतं का, मामंजी? तुमच्यात कोण बसलंय?

कोंडू : कोण नाय.

गिरजा : मला तर काय येत नाय. धोटा कसा धरतात तेबी ठाव नाय.

कोंडू : मी बाजूला बसंन. तू बघ, मी सांगंन. चंदर, दोरी तिच्या हातात दे नि बाहेर जाऊन थांब. गिरजा, आतल्या ओट्याच्या कडेला बस. पाय खाली सोड, नि टाचेपर्यंत दोरी धर.