तिसऱ्या महिन्यातलं माहेर

नाही विहीणबाई, तिले ऑटोतून उतरू देऊ नोका — आधी तुमी बसा, माझं ऐका. पोरीले परत घेऊन आल्या, चांगलं केलं. कोनतीही माय तेच करते. पन सपनाले मी या घरात घेत नाही. सासूचा शब्द हाय. काहून म्हनता? तिच्या हातची भाजी खारट होते. होते म्हंजे होते! उलट बोलते. त्या दिवशी मी म्हनलं, विकासच्या कपड्याले हात लावू नको, मी धुतो — तर रडली. नवऱ्याचे कपडेही धुवायचे नाईत तर मी या घरात कोन हाय, म्हने. आता सासू कपडे धुते अन सून रडते, असं उलटं कुठं ऐकलं तुमी?

तसं पाहू नोका माझ्याकडं. तुमच्या मनात काय हाय ते समजते मले — तिसऱ्या महिन्यात कोनी सुनेले माहेरी धाडते का? सातव्यात ओटी भरायची, मंग वाजतगाजत न्यायचं, मलेही ठाऊक हाय. गल्ली बोलूनच राह्यली, भागिरथाले सून जड झाली म्हनून. बोलू द्या. लोकायचं तोंड काय रांजन हाय, झाकन ठेवायले?

कपड्याचं काय विचारता घडी घडी? काई नाई, धूळ असते त्याच्यावर. भट्टीतली. तलावाच्या पलीकडं ते पत्र्याचं शेड दिसते ना — जुन्या बॅटऱ्या फोडतात तिथं, आतलं शिसं वितळवतात. विकास तिथंच हाय कामाले. घरी आला का सदरा झटकते, अन ही पोर तोच सदरा काखेत धरून मोरीवर जाते. आमाले आधी काय मालूम? तलावाचं पानी जन्माचं पेलो आमी. मंग गल्लीतल्या मारोतरावच्या म्हशी — काठावरचं गवत खात — डोळ्यानं दिसेनासं झालं त्याईले. भिताडाले डोकं टेकून उभ्या राहत, दिवसच्या दिवस. अन मेल्या. कोनी म्हने करनी केली. करनी तर होतीच, पन पत्र्याच्या शेडातली. मंग मंगरूळहून नर्सबाई आली, लेकरायचं रक्त तपासायले नेलं, अन तलावावर पाटी लागली — पानी पिऊ नये, मासे खाऊ नये. सारं गाव गेलं पाटी वाचायले. वाचली, अन तिथंच हातपाय धुऊन घरी आलं. हसा, हसा — हसायसारखंच हाय.

त्या नर्सबाईले मी बाजूले घेतलं. म्हनलं, बाई, पोटातल्या लेकराले? तिनं आधी रक्ताच्या शिश्या पेटीत ठेवल्या. मंग म्हने, मावशी, मायच्या रक्तातून जाते. पानी नाई पेलं तरी कपड्यावरून येते. — मागच्या खेपेचं गेलं ना सपनाचं... तवा आपन नशीब म्हनलं. तुमीच म्हनल्या होत्या. मीही म्हनलं. आता मले ते नशीब वाटत नाई, विहीणबाई. मले त्या सदऱ्याचं भेव वाटते.

तिलेच सांगायचं होतं? अवं, तुमी तिची माय, अन तुमाले तुमची पोर ठाऊक नाई? सांगितलं असतं तर गेली असती का ती? म्हनली असती, आत्याबाई, तुमी अन हे इथं शिसं खाता, अन मी मानोऱ्याले माहेरी पाय पसरून बसू? विकासले म्हनलं, बाबू, सोड ते काम. तो म्हने, मंग ऊस तोडायले जाऊ का? मंग मनाशी म्हनलं, एक तरी निघू दे इथून. समजावलेली बाई थांबते, रागावलेली जाते. म्हनून भांडन काढलं. एवढी गरीब पोर, भांडन तरी कशाचं काढू? भाजीत मीठ मीच टाकलं — तिची पाठ फिरली का मुठीनं —

...निघालं तोंडातून. निघू द्या. पन तिले सांगसान तर माझं मेलं तोंड पाहसान. तुमच्या विहिरीचं पानी पाजा तिले, दूध द्या, बाळंतपन तिकडंच करा. लेकरू झाल्यावर पाहायले? नाई येत मी. आली तर तिचा राग जाईन, अन राग गेला का ती परत येईन. नातवाचं तोंड कोनाकडून तरी ऐकीन — नाक विकासवर हाय का तुमच्यावर...

थांबा. ती उतरून राह्यली. इकडंच येते. विहीणबाई, भांडा माझ्याशी — मोठ्यानं भांडा, शिव्या द्या मले! रडता काय? पुसा डोळे, तिले दिसन! —

ए सपने! तिथंच उभी राह्य! या उंबऱ्याच्या आत पाय ठेवशील तर पाह्य. घे तुझ्या मायले अन चालती हो!