लाल रेघेची वाट

नाही, नाही, कुसाकाबाई, जरा थांबा — चष्मा न्यायचा तर न्या, पण आधी माझं ऐकून घ्या. तुमच्याच कंपनीनं बनवलाय, तुमचा शब्द सुमो संघटनेचे अध्यक्ष मानतील. एवढंच म्हणा, पाय बाहेर गेला की खूण दाखवणारी ही काच ऐन कुस्तीत बंद पडली. बस्स! पडते की वस्तू बंद, त्यात काय एवढं? माझ्या घरचा भाताचा कुकरसुद्धा बंद पडतो — हसू नका हो. आता आत बोलावतील मला, गुडघे टेकून राजीनामा पुढे करावा लागेल. सुमोच्या पंचाची रीतच आहे, निकाल चुकला की करायचा. दोनदा केलाय मी. "असू दे, किमुरा, पुढे लक्ष ठेवा" म्हणतात नि परत देतात. पण आज मी चुकलो कुठे? चुकलो असतो तर बरं झालं असतं! दोघं पैलवान एकदम रिंगणाबाहेर कोसळले, आणि हा लाकडी पंखा — कुणाच्या तरी बाजूला वर जायलाच हवा, त्याच क्षणी, खरंखोटं परीक्षक मागाहून बघतील — हा खालीच राहिला. अख्ख्या नागोयानं बघितलं. पंचानं बरोबरी द्यायची नसते, बाई, आणि थांबायचं तर मुळीच नसतं.

काय? कळतं तुम्हाला ते? काच बिघडली की कुणी बंद केली, तेसुद्धा? — बरं. मग लपवू तरी कशाला? मीच केली. कानामागची ती बारीक कळ, मीच दाबली. काल आंघोळीला बसलो होतो, तर पैलवानांची नावं पुकारणारा तो गेन्ता — माझ्याबरोबरच या धंद्यात आलेला — म्हणतो, "काय रे, पंखा तू उचलतोस की तुझा चष्मा?" सगळे खो-खो हसले. मीही हसलो. पण डोक्यात बसलं ना ते! म्हटलं, एकच कुस्ती, आपल्या डोळ्यांनी. उभा जन्म याच डोळ्यांनी टाचा बघितल्या, वाळूवरचे ओरखडे बघितले — आणि दिसलं हो, बाई! त्या दोघांतल्या कागेमिनेची टाच आधी टेकली, स्वच्छ दिसली मला. डोळे चांगलेत माझे. पण हात — हात वाट बघत राहिला. पाय बाहेर टेकला की काचेवर लाल रेघ उमटणार, मग उचलायचं, ही सवयच लागलीय मेल्याला. रेघ येईना, हात हलेना.

म्हणून म्हणतो, बिघडली म्हणा. तुमचं नुकसान होईल, कळतं मला, पण माझं — थांबा. बिघडली म्हटलं तर चष्मा काढून घेतील, नाही का? आणि मला ठेवतील. म्हणजे उद्या मी परत उघड्या डोळ्यांनी आखाड्यात. समोर दोन धिप्पाड गडी एकमेकांवर आदळणार, आणि माझा हात... नको. नको हो! मेलो मी, दोन्हीकडून मेलो. काय करू? तुम्ही शिकलेल्या आहात, सांगा ना काहीतरी!

— कोण आहे? हो, हो, आलो म्हणावं! — आलं बोलावणं. ऐका, काही खोटंबिटं बोलू नका. चष्मा ठणठणीत आहे म्हणा. पंच कामातून गेलाय. या खेपेला राजीनामा परत देऊ नका, म्हणून मीच पाया पडतो त्यांच्या. निघा आता, बाई. निघा म्हणतो ना!