मुक्ताबाई विमानात गप बसल्या

…आता तुमीच सांगा, तिकिटावर नाव एका कंपनीचं, विमानाच्या शेपटावर रंग तिचाच, पोरींच्या अंगावर साडी तिचीच, आन् आत बसल्यावर कळतं की विमान भलत्याच कुण्या शेटचं हाय! मोठ्या कंपनीनं म्हणं मुंबई-दिल्ली सोताकडं ठेवली आन् औरंगाबादसारखी बारकी गावं त्या शेटला ठेक्यानं देऊन टाकली. रस्त्याचा ठेका आमाला ठाव होता, पुलाचा ठाव होता, शहाण्णव साली आभाळाचाबी ठेका निघाला. बरं, निघू द्या, आपलं काय जातंय म्हणाल… जातंय ना! त्या विमानात आमच्या धर्मापुरीची चैताली हाय.

चैताली म्हंजे मुक्ताबाईंची लेक. आन् मुक्ताबाई म्हंजे आमच्या शाळेच्या बाई. आवाज असा, की वर्गात पाढे सांगाय लागल्या की देवळामागं चरणाऱ्या म्हशी माना वर करतात. मालक नवनाथराव परळीच्या थर्मलला पाळीवर. दोघांनी पोरीला अंबाजोगाईला कॉलेजात घातलं, पोरीनं इंग्रजी अशी घटवली, अशी घटवली, की मुलाखत देऊन थेट विमानात हवाईसुंदरी. कुणाला खोटं वाटत आसंल त्यानं मुक्ताबाईंच्या घरापुढून नुसतं जाऊन बगावं. हाक मारून, चहा पाजून सांगतात.

तर त्या चैतालीनं आईसाठी आपल्याच विमानाचा औरंगाबाद-मुंबई फुकटचा पास काढला आन् एकच अट घातली. "आई, तिथं मी ड्युटीवर असते. मला हाक मारायची न्हाई. आन् काईबी झालं तरी तू गप बसायचं." मुक्ताबाईंनी शब्द दिला. तुमाला सांगतो, सबंध बीड जिल्ह्यात एवढा अवघड शब्द कुणी कुणाला दिला नसंल.

मे महिना, भर दुपार. मुक्ताबाई निळ्या काठाची पांढरीशुभ्र साडी नेसून खिडकीशी बसल्या. दार लागलं. लेक समोरून गेली, ताठ, केस चापूनचोपून, आईकडं न बगता. मुक्ताबाईंची छाती अशी भरून आली की पट्टा ढिला करावा लागला. पण गप.

आन् विमान हालंच ना. गार हवा बंद. लोकं घामानं निथळाय लागली, तिकिटानं वारा घ्याय लागली. विमानात पोरी दोनच, एक चैताली आन् दुसरी तिच्यावरची मोठी मॅडम. ही मॅडम मागच्या खुर्चीत पायावर पाय टाकून नखं रंगवत बसलेली. एकानं इचारलं, "मॅडम, कधी निघणार?" मॅडम नखाला फुंकर घालून म्हणती, "मला काय माहीत!" दुसऱ्यानं पाणी मागितलं. "उडाल्यावर." तिसऱ्यानं डोक्यावरची घंटी दाबली, तर मॅडम आली, हात वर करून घंटी बंद केली आन् माघारी गेली. म्हंजे बगा, घंटी बंद केली आन् माणूस तसाच ठेवला! मुक्ताबाईंच्या ओठावर आलं होतं… पण गप.

मंग एक सफारीवाले साहेब उठले, म्हणले तक्रार करतो. मॅडम म्हणती, "खुशाल करा, आम्ही कंपनीच्या नाहीच, ठेकेदाराच्या. कंपनीला सांगा." तेवढ्यात खाली कंपनीचा माणूस दिसला, त्याला आत बोलावलं. तो टाय सारखा करत म्हणतो, "विमान आमचं नाही हो, ठेकेदाराचं. त्यांनाच विचारा." आन् दार लावून गेलाबी. आता कुणाला इचारावं? विमानाला? मुक्ताबाईंनी पदराचा बोळा तोंडात धरला आन् गप.

त्यांच्या शेजारी पाटोद्याच्या सरस्वतीबाई, म्हातारं माणूस, मुंबईला लेकाकडं चाललेल्या. त्यांची मान एकदम कलली, हातपाय गार. चैतालीनं लांबून बगितलं आन् मॅडमकडं धावली, पाणी देऊ का, दार उघडाया सांगू का. मॅडम म्हणली, एकीला दिलं की समदे मागतील, बस खाली, तुझी नोकरी अजून पक्की झाली न्हाई हे इसरू नको. हे मुक्ताबाईंनी सोताच्या कानानं ऐकलं. चैतालीनं वळून आईकडं एकदाच बगितलं. त्या बगण्यात अट होती. मुक्ताबाई गप बसल्या… पण त्या दिवसातलं समद्यात अवघड गप ते.

आन् पोर न्हाई बसली. तिनं सोता कपाट उघडलं, सरस्वतीबाईंना धरून साखरपाणी पाजलं, मंग वैमानिकाच्या दारावर थाप मारली, आत जाऊन काय बोलली कोण जाणे, पण विमानाचं दार उघडलं, वारं आलं. म्हातारीनं डोळे उघडले. तवा चैतालीनं माईक हातात घेतला. आधी इंग्रजीत, मंग हिंदीत, आन् मंग काय झालं तिलाच कळालं न्हाई, आपल्या घरच्या बोलीत. "मंडळी, विमानात बिघाड हाय. खरं सांगते, कवा निघंल ते आमाला कुणालाच ठाव न्हाई. पाणी समद्यांना मिळंल, आदी म्हाताऱ्यांना आन् लेकरांना."

मॅडम पळत आली, माईक हिसकला, आन् तो चालूच हाय हे न बगता वरडली, "किस गाँव से उठा के लाए हैं तुझे?" समद्या विमानात घुमलं.

मुक्ताबाई उठल्या. माईक कशाला लागतो त्यांना?

"धर्मापुरीहून. तालुका परळी, जिल्हा बीड. माझी लेक हाय ती."

एवढंच बोलल्या आन् खाली बसल्या. पुन्ना गप. अख्खं विमान गप. वैमानिक टोपी सावरत बाहेर येऊन बगून गेला की कोण बोललं. मॅडमनं माईक जागेवर अडकवला. सरस्वतीबाईंनी मुक्ताबाईंचा हात हातात घेतला, म्हणल्या, लई गुणाची लेक हाय बाई तुमची. तेवढ्यात चैताली ट्रे घेऊन त्यांच्या रांगेपाशी आली, कान लाल, मान खाली. "मॅडम, पाणी?" आन् मुक्ताबाई कशा, तर ओळख ना पाळख असं तोंड करून, "थँक्यू."

शेवटी विमान रद्दच झालं. समद्यांना उतरवलं. मॅडमनं पोरीची तक्रार केली. कंपनी म्हणली, पगार ठेकेदार देतो, त्यानं काढावं. ठेकेदार म्हणला, साडी कंपनीची, तिनं काढावं. अजून ठरतंय. तवर आमची चैताली उडती हाय… आन् ती मॅडमबी उडती हाय, तिलाबी कुणी काढीना. काय करता?

मुक्ताबाई औरंगाबादहून एसटीनं गावाकडं आल्या. अंगणात ही गर्दी! लेकीचं समदं सांगून झालं, माईक, म्हातारी, थँक्यू, चहाचं दुसरं आधण झालं. मंग शेजारच्या मंजुळाबाईंनी लई हौसेनं इचारलं, "बाई, विमानातून जमीन कशी दिसती वो?"

मुक्ताबाई शाळेच्या बाई. खोटं कसं बोलणार? चहाचा कप खाली ठेवला, आन् म्हणल्या,

"लई जवळून."