गोणीभर वाळू

त्या दिवशी उन्हानं नळाची तोटीसुद्धा पोळत होती, आणि नळाला थेंब नव्हता. शेजारचा किसन नुकताच राजस्थानातून आलेला. म्हणाला, "तिकडं वाळूनं भांडी घासतात, पाणी लागतच नाही." पिशवीतली वाळू काढून त्यानं आमचाच तांब्या घासून दाखवला. तांब्यात तोंड दिसायला लागलं.

झालं! आमची मंडळी उठताबसता म्हणायची, "किसनभाऊजींनी बघा काय आणलं! तुम्ही कधी त्र्यंबकच्या पुढं गेलात का?" मला घास गोड लागेना.

दिवाळीनंतर मीही गेलो. किल्ला नाही पाहिला, उंट नाही पाहिला. अर्धी गोणी वाळू भरली अन् रेल्वेत मांडीवर घेऊन घरी आलो. दारातच किसन भेटला.

मी म्हटलं, "तुझी पिशवीच होती, ही बघ गोणी!"

त्यानं गोणीत हात घातला, इकडंतिकडं बघितलं आणि हळूच म्हणाला, "आप्पा, वहिनींना सांगू नका. माझी पिशवी येतानाच गाडीत फाटली. वाळू आणतोय असं पत्रात सगळ्यांना कळवून बसलो होतो, मग काय करणार? तुमचा तांब्या घासला ती वाळू आपल्या गोदावरीचीच होती."