डोंगरातला भोंगा

हॅलो?… हॅलो, कोण?… व्हय, राजूरचं एसटीडी. बोला… दीपा व्हय? मग आधी नाव सांग की. मी भारतीच हाय, माझ्या दुकानात दुसरं कोण फोन उचलणार?

हां… हां… अगं सावकाश. धापा टाकत बोलतीस, निम्मं कळंना… चेन तुटली? घे. सकाळी काय सांगत हुते मी? श्रीगोंद्याच्या सपाटीवरच्या सायकली त्या, हितल्या चढाला जीव काढतील. पण ताईचं ऐकतंय कोण. म्हटलं, बहीण-भाऊ चार दिवस आलेत माझ्याकडं, बसतील, दोन घास खातील, गप्पा मारतील. तर आल्यापासनं नुसत्या सायकली आन् रस्ते, रस्ते आन् सायकली.

टेम्पो ना? येतील की तुझे दाजी टेम्पो घेऊन. बाजारात माल उतरवायला गेलेत… पण यायचं कुठं ते सांग. धरणावर हायेस का, भंडारदऱ्याला?… धरणाच्या पुढं? किती पुढं?… अगं 'मोठा डोंगर दिसतोय' काय सांगतीस, हितं सगळे मोठेच हायेत.

बरं, तुषारकडं दे फोन. त्याला तरी… पुढं गेला? तुला एकटीला टाकून?… शर्यतीची तयारी राहिली बाजूला, बहिणीची चेन तुटली तर थांबायचं एवढी अक्कल न्हाई? येऊ दे घरी, बघते त्याच्याकडं… भांडण कशावरनं?… तूच म्हणलीस जा म्हणून? बरं, तू बी काय कमी न्हाईस.

मग हा फोन कुणाचा? आवाज घुमतोय… पत्र्याची शेड. कुणाची?… कुणीच न्हाई? मग तू आत शिरलीस कशी?… दार सताड उघडं. टेबलावर चहाचा कप… गरम? हात लावून बघितलास? मग माणसं कुठं गेली चहा टाकून?

जरा थांबा साळूबाई, देते साखर. बहिणीचा फोन हाय… हां, बोल दीपा. रस्ता कसला म्हणलीस?… नवा. रुंद. वा, छान… एसटी न्हाई, जीप न्हाई, बैलगाडीसुद्धा न्हाई?… लई शांत. तुषार म्हणला, असा रस्ता आख्ख्या जिल्ह्यात न्हाई… हं.

दीपा, तो रस्ता शांत नसतो गं. तिथं खडीचे ट्रक एकामागं एक चालतात, तुझे दाजी रोज शिव्या घालत येतात त्यांना… न्हाई, उगीच न्हाई म्हणत. वाटेत कुणी अडवलं न्हाई तुमाला? लाल झेंडा घेऊन माणूस उभा असतो फाट्यावर… फाट्यानं आलाच न्हाई? मग कुठनं?… पायवाटेनं. सायकली खांद्यावर घेऊन. वळसा वाचवायला.

मग झेंडेवाल्याला ठावंच न्हाई तुमी आत हाय ते.

एक सांग मला. नीट आठवून सांग. काही वाजल्याचं ऐकलं का? भोंग्यासारखं?… वाजला? कधी?… आन् तुमी काय केलं?

घड्याळ बघितलं.

अगं बाई माझे. कारखान्याचा भोंगा वाटला. पाळी सुटली असंल म्हणला तुषार… अगं डोंगरात कुठला कारखाना? कुठली पाळी सुटणार हितं? ऊस बघितलास का कुठं एक कांडं तरी?… न्हाई, न्हाई, तुला न्हाई ओरडत. मला कळतं गं. मी बी त्याच भोंग्यावर वाढले. भोंगा झाला की आई तवा टाकायची आन् बाबा डबा शोधायचे. आपल्या कानाला भोंगा म्हणजे तेवढंच.

आता ऐक. हितं त्याचा अर्थ वेगळा हाय. रस्ता पुढं न्यायला कडा फोडतात, सुरुंग लावून. पहिला भोंगा झाला की माणसांनी लांब व्हायचं. दुसरा झाला की सुरुंगाला बत्ती. तुझे दाजी कालच अडकले हुते त्यात, त्यांनीच सांगितलं… व्हय. सगळी आपापल्या जागेवर गेलीत, म्हणून शेड मोकळी हाय. म्हणून रस्ता शांत हाय… दुसरा झाला न्हाई ना अजून? नक्की?… बरं. देवा.

रडू नको. न्हाई, तुषारच्या मागं जायचं न्हाई. दीपा, पाऊल उचलायचं न्हाई तिकडं. तू गेलीस तर तू बी सापडशील, आन् मला हितं बसून दोघांचं ऐकावं लागंल. माझी शपथ हाय तुला. शेडमधे काय काय हाय ते सांग… टिकाव… घमेली… दांडा? कसला दांडा, फिरवायचा?

हात काढ. दीपा, हात काढ त्याच्यावरनं. हातभोंगा हाय तो. एक वर असतो, हा दुसरा असंल… अगं तुषारला ऐकू जायला तो कशाला वाजवतीस, वर बत्ती घेऊन बसलेत त्यांना बी ऐकू जाईल ना. त्यांना वाटंल दुसरा भोंगा झाला… काढलास का हात?… लांब हो त्याच्यापासनं.

झेंडे बघ. असणारच तिथं, कोपऱ्यात न्हाईतर दाराच्या मागं… हिरवा नको. लाल. दोन असले तर दोन्ही घे. बाहेर जा, रस्त्याच्या मधोमध उभी रहा, वरच्या कड्यावरनं दिसशील अशी, आन् हालव. हात गळून पडला तरी हालवत रहा. नसत्या जागी लाल दिसलं की थांबतील ते. तुषार गेलाय त्या वळणाच्या पुढं न्हाई जायचं… आन् फोन ठेवू नको. टेबलावर ठेव तसाच. मी हाय हितं. पळ.

दीपा?… गेली.

साळूबाई, साखर राहू द्या. बाजारात पळा, भाजीच्या कट्ट्यापाशी आमचा टेम्पो असंल. ह्यांना म्हणावं, माल तसाच सोडा आन् नव्या रस्त्याला निघा. फाट्यावरच्या झेंडेवाल्याला सांगा, आत दोघं हायेत. तुषार आन् दीपा. जा, पळा.

न्हाई आप्पासाहेब, फोन मिळायचा न्हाई आता… असंल अर्जंट. माझा भाऊ सुरुंगाच्या तोंडाशी हाय, ही लाईन तुटली तर मला काही कळायचं न्हाई. बसा तिथं बाकावर. जरा बोलू नका, ऐकू दे मला.

…

वाराच ऐकू येतोय. पत्रा वाजतोय… ओरडतेय. व्हय, दीपाच ओरडतेय. तुषार, तुषार करतेय… ओरड बाई… आता का थांबली? दीपा? अगं का थांबलीस?

हिला कुठं ऐकू जातंय. मी आपली टेबलाशी बोलतेय.

आप्पासाहेब, मीच शिकवली हो त्याला सायकल. कारखान्याच्या कॉलनीत. कॅरिअर धरून मागं पळायचे आन् हा वळून वळून बघायचा, ताई, सोडू नको, ताई, सोडू नको. एक दिवस सोडलं मी न सांगता. गेला की सरळ गटारीत. चार दिवस बोलला न्हाई माझ्याशी… लई भीती वाटतेय हो मला.

थांबा. कुणीतरी आलं. पावलं वाजली.

हॅलो?… हॅलो, कोण?… भीमा मुकादम? अहो मी राजूरहून बोलते, एसटीडीवाली भारती. तुमी येता ना आमच्याकडं गावी फोन लावायला… व्हय, ती झेंडेवाली माझीच बहीण… द्या, शिव्या द्या, हव्या तेवढ्या द्या, खाली मान घालून ऐकते. पण बत्ती दिली न्हाई ना ते सांगा आधी.

न्हाई दिली.

काडी हातात हुती… लाल दिसलं म्हणून थांबलात. मुकादम, तुमचं लई… बरं, न्हाई बोलत. पण अजून एक हाय तिथं. माझा भाऊ, सायकलवर, वळणाच्या पुढं गेलाय. पांढरी टोपी हाय डोक्यावर… माणूस पाठवलाय? कधी?… दिसंना? अहो न्हाई कसा दिसणार… बरं. बरं. थांबते. मी कुठं जातेय.

दीपा तिथंच हाय का? तिला म्हणावं बस खाली. पाणी द्या तिला… उभीच हाय? अजून हालवतेय? राहू द्या मग. हालवू दे.

…

काय म्हणलात?… कोण येतंय?… सायकल हातात धरून? टोपी पांढरी?… द्या. त्याला द्या फोन. धूळ-बिळ झटकायची काही गरज न्हाई म्हणावं, आधी फोनवर ये.

तुषार?… तुषारच ना रे?… काय झालं म्हणून मला विचारतोस? कुठं हुतास तू?… कड्याखाली. त्याच कड्याखाली?… सावली चांगली हुती. पेरू खात बसला हुतास… आन् हाका ऐकू आल्या न्हाईत का? दीपाचा घसा बसला तिकडं… ऐकू आल्या. मग?… वाटलं, रुसलीय, ओरडू दे अजून जरा.

तुषार, वर बघ. मान वर करून कडा बघ तो, ज्याच्याखाली पेरू खाल्लास. दगडात छिद्रं दिसतात का, वाती लोंबताना?… दिसल्या. मोजू नको, पुरे.

व्हय, रडतेय. मग काय करू? हसू?… गप. तू काही बोलू नको. दीपाच्या हातातनं झेंडा घे आधी आन् तिला जवळ घे. ती सोडायची न्हाई आपणहून… घेतलास?… बरं केलंस.

मुकादम काय म्हणतात?… आता बत्ती देणार, दोघं शेडमधेच थांबा, बाहेर यायचं न्हाई. डोंगराच्या सोंडेच्या आड हाय ती, वरचा कडा दिसतो पण दगड पोचत न्हाई. व्हय, त्यांचं ऐक, आज तरी कुणाचं ऐक… दाजी निघालेत टेम्पो घेऊन. सायकली मागं टाका आन् सरळ घरी या… न्हाई, चालवत नको. मला माहितीय तू काय म्हणणार ते.

हां… ऐकू आला. दुसरा. मला बी फोनमधनं ऐकू आला हितं… घाबरू नको, आता वाजू दे. वाजू दे त्याला हवा तेवढा. टेबलाखाली बसा दोघं. फोन धरून ठेव.

…

अगं आई गं.

तुषार?… तुषार, हायेस का?… हायेस. दीपा?… खोकतेय. खोकू दे… नुसता पत्रा हालला ना?… बघितलास का खिडकीतनं? कडा कुठाय?… तुझी पेरू खायची सावली बी गेली मग.

बरं. ठेव आता, मुकादमांना लागंल फोन… न्हाई, आप्पासाहेब कधीचे बसलेत, त्यांना बी लावायचाय. ठेव की… मी? न्हाई, मी आधी न्हाई सोडत. एकदा सोडलं तेवढं बास.

तू सोड. मी ऐकते.