रस्ता सरकारचा, चिखल तात्यांचा

हसताय काय? मार्गासनीच्या वळणावर मरता मरता वाचलोय मी!

शेजारच्या तात्यांनी भातखाचरात चिखलणी केली आन् ट्रॅक्टर तसाच डांबरीवर आणला. चाकांचा सगळा चिखल रस्त्यावर, वरनं पाऊस. माझी मोटरसायकल सावकाश होती, तरी साबणावरून जावी तशी घसरली. मागची एसटी पार माझ्या डोक्यापाशी येऊन थांबली.

तात्या ट्रॅक्टर थांबवून बघत बसलेले.

म्या वरडलो, "तात्या, चाकं धुऊन यायला काय झालं होतं?"

"रस्ता सरकारचा हाय. सरकारला बोल."

माझं डोकंच फिरलं. हेल्मेट काढलं, त्याच चिखलानं भरलं आन् त्यांच्या मांडीवर पालथं केलं.

"आरं, कापडं खराब केलीस की माझी!"

"मग बोला की सरकारला!"