देवाच्या कुरणाला काडी

माझं माहेर सुप्याकडचं, सपाट रानातलं. डोंगर म्हंजी काय ते मला लगीन हुईस्तोवर ठावं नव्हतं. लगीन झालं आन तिसगावच्या पल्याड डोंगराच्या पायथ्याला ह्या वस्तीवर आले, तर उंबऱ्यातनं मान वर केली की डोंगरच. सासू आधीच गेलेली. घरात सासरे, त्यांना मी मामंजी म्हनायची, आमचे हे थोरले, आन धाकटा दीर किसन. तीन बाप्ये आन मी एकली बाई. भाकरी थापून थापून मनगटं जायची माजी. आन तोंडानं मी पहिल्यापास्नं फटकळ, माझी आय म्हनायची हिला सासरी नांदवनारा अजून जन्माला यायचाय. पन नांदले की न्हाई? नांदले. कशी ते ऐका.

आमच्या डोंगराच्या निम्म्यावर भैरोबाचं ठानं हाय, आन त्याच्या भवतालचं सगळं कुरण देवाचं. त्या कुरणाला विळा लावायचा न्हाई, ही जुनी रीत. जनावर शिरलं तर हाकलायचं, आन गवत कापायचं न्हाई. कापायचंच झालं तर देवाला कौल लावायचा, म्हंजी देवाच्या अंगाला पान्यानं फूल चिकटवायचं, उजवं पडलं तर व्हय, डावं पडलं तर न्हाई. ह्या कौलाचे मानकरी आमचे मामंजी. त्यामुळं काय झालं, वर्सानुवर्सं न कापलेलं कुसळी गवत तिथं वाळून उभं. मानूस बसला तर दिसत नव्हता एवढं. चालताना कुसळं लुगड्यात घुसायची, घरी येऊन उपसत बसावं लागायचं.

आन मंग तो दुष्काळ आला. काय सांगू तुमाला, मोठा दुष्काळ, तुमी नुसता ऐकला आसंल. आमी खडी फोडायला जायचो. सरकार वाटायचं ती सुकडी खाऊन दिस काढले. मानसाचं कसंबी निभतं, जनावराला काय सांगावं? लोकांनी जनावरं छावणीत नेली. मामंजी म्हनले, माझे बैल दुसऱ्याच्या दावणीला बांधनार न्हाई. मंग काय घालता त्यांना, म्हनलं, मिशी? तर काठी घेऊन अंगावर आले. छपराचं गवत उपसून बैलांना घातलं. बैल असे झालते का हाडावर धोतर वाळत घालावं. आन वर डोंगरावर देवाचं गवत डुलतंय. सगळी वस्ती मामंजींच्या पाया पडली, कौल लावा म्हनली. लावला. फूल डावं पडलं. परत लावला. परत डावं. मामंजी म्हनले, देव न्हाई म्हनतोय, संपलं. लोकं खाली आली. मी मनात म्हनलं, देवाला काय, त्याच्या गळ्यात दावं हाय का उपाशी बैलावानी?

चैताचे दिस हुते. बाजाराचा दिवस, निम्मी वस्ती तिसगावला गेल्ती. आमच्या ह्यांनी दुपारच्याला विळा कमरेला खोवला आन मला म्हनले, भागे, जातो वर, कुनाला बोलू नको, बैल मरू द्यायचे काय? मी म्हनलं, जा, मी बघते खाली. ते गेले, आन घटकाभरानं मी शेण थापता थापता वर बघितलं तर डोंगराच्या डोक्यावरनं धूर. कुनी म्हनतं मोहोळ झाडायला कुनी पल्याडनं आल्तं, कुनी म्हनतं बिडी. कुनी लावली ते आजवर कळलं न्हाई. वारं आमच्याकडं हुतं. मी वणवा आधी बघितलेला, रातीचा लांबनं माळंवानी दिसतो. हा तसा नव्हता. ह्याचा आवाज हुता. कडाकडा मोडत, बोंबलत खाली येत हुता. ससे, साप, कोल्हं, समदं एकाच वाटेनं आमच्या अंगनातनं पळालं, कुनी कुनाला खात नव्हतं.

बायामानसं तरवडाच्या फांद्या मोडून धावलो. हानायचो, एक जागा इझायची, दोन जागी उठायची. भुवया जळाल्या. एका करडाच्या अंगावर जळतं गवत पडलं, ते पेटलेलं करडू वस्तीकडंच पळालं, तर किसननं त्याला कुऱ्हाडीनं तोडलं, नायतर वस्तीलाच आग लागली असती. त्या करडाची आय तिथंच उभी राहून वरडत हुती. कुनाला येळ न्हाई. आमची समदी घरं छपराची, सरपनाच्या गंजी घराला चिकटून, उरलीसुरली गुरं दावणीला, म्हातारी-कोतारी आत. आग तिथं आली असती तर काय उरलं असतं?

मामंजींना डोंगराची आग ठावी हुती. ते म्हनले, फांद्यांनी हुनार न्हाई. खालनं आपन आग लावायची, ती वर जाऊ द्यायची, वरची खाली येईस्तोवर तिला खायाला गवत उरत न्हाई, दोघी मधी मरत्यात. आन तुरीच्या काड्यांची चूड पेटवली. मी आडवी गेले. म्हनलं, मामंजी, तुमचा लेक वर हाय. कुरणात हाय. गवत कापाया गेलेत ते.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मला अजून ते बघनं दिसतं. आधी लेक आठवला न्हाई हो त्यांना, आधी देव आठवला. म्हनले, देवाच्या रानात विळा घातला? मी म्हनलं, विळा घालायचा न्हाई आन काडी लावायची चालतं व्हय? कौल लावला का काडीला? तर तोंडात मारली. मी चूड धरली. ते वढायचे, मी वढायची, ठिनग्या दोघांच्या अंगावर. त्यांनी काठी घातली, हे बघा, कपाळावर अजून खाच हाय, रगात डोळ्यात उतरलं. किसननं मला केसाला धरून मागं फरफटवलं. मी सुटले आन मामंजींच्या हाताला चावले, दाताला हाड लागलं. सासऱ्याच्या हाताला. सोडलं न्हाई मी. मंग वस्तीतल्या दोन बाया मला खाली पाडून अंगावर बसल्या. त्यातली एक रडत म्हनत हुती, भागे, माझं लेकरू घरात हाय गं. तिचं तरी काय चुकलं? पन तवा मी तिला दिल्या त्या शिव्या आता सांगत न्हाई.

मामंजींनी काडी लावली. हात रगतानं भरलेला. वाकून वाकून लावत गेले, अशी पेरनी करत्यात तशी. दोनी आगी एकमेकीकडं धावल्या, आन मी खाली मातीत तोंड घालून ह्यांचं नाव घेऊन वरडत हुते. जल्मात पहिल्यांदा नवऱ्याचं नाव घेतलं, ते चारचौघात.

आग मधी मेली. वस्ती वाचली. एकबी गंज जळाली न्हाई. मी अनवानी वर पळाले, तळपाय भाजत हुते ते घरी आल्यावर कळलं. काळं रान, धूर, आन मधोमध एक खळ्याएवढी पिवळी जागा. तिथं हे पालथे पडलेले. काय झालतं, ह्यांनी जेवढं कापलं हुतं तेवढ्या जागंला जळायला गवतच नव्हतं. वरच्या आगीला बघून हे खाली पळाले, तर खालनं बी आग, मंग फिरून त्या कापलेल्या जागी आले, पन कापलेले भारे तिथंच पडलेले, ते पेटले. ते पेटते भारे ह्यांनी हातानं उचलून भायेर फेकले, एक एक. हात गेले. जीव राहिला. नंतर मामंजी लोकांना सांगायचे, देवानं वाचवलं. मी तोंडावर म्हनायची, विळ्यानं वाचवलं.

बैल मेले, त्याच महिन्यात. ह्यांची बोटं वाकली ती वाकलीच, मूठ ना उघडती ना मिटती. पुढं उसने बैल आनले, तर ह्यांना नांगर धरता येईना, कासरा धरता येईना. बाईनं नांगराला हात लावायचा न्हाई म्हनत्यात, मी लावला. बघू कोन काय म्हनतंय, म्हनलं. बापलेक मातूर एका घरात राहून बोलले न्हाईत. कधीच न्हाई. मामंजींना काय पायजे झालं तर मला सांगायचे, मी ह्यांना.

मामंजी लई पिकून गेले. शेवटी माझ्याच हातचं पानी. एक दिस सांजच्याला मला जवळ बोलावलं. मला वाटलं आता म्हनतील, भागे, चुकलं. तर म्हनले, भागे, पुन्हा तशी येळ आली तर मी पुन्हा काडी लावीन. मी म्हनलं, लावा, मी पुन्हा चावंन. मंग हासले ते. हाताचा वण दावला. मी पानी पाजलं. खोटं कशाला बोलू, मला त्यांचा राग हाय, अजून हाय, आन ते गेले त्या दिवशी मी रडले पन.

किसन तवा ऊसतोडीला कारखान्यावर, त्याची वाट बघता येईना. अग्नी द्यायचा थोरल्यानं. हे म्हनले, मी देनार न्हाई, त्यानं मला जिता असताना दिला. लोकं समजावून थकली. मढं निघालं, तसे हे उठून मागनं चालाया लागले. मी बी गेले. एक जन म्हनला, बाईमानूस मसनात? मी म्हनलं, त्यांना चूड धरता येत न्हाई, तू धरतोस का? तो बाजूला सरला. ह्यांनी दोनी मनगटात चूड दाबली, खालनं मी आधार दिला. जाळ बघून ह्यांचं अंग असं कापत हुतं का चूड हालून ठिनग्या पडायल्या. पन लावली. लेकानं बापाला काडी लावली, आन मंग अप्पा, अप्पा म्हनून तिथंच बसले. त्या आगीनंतर बापाला मारलेली ती पहिली हाक.

आता आमी दोघंच. ते थकले, मी बी थकले. आता कुरणाचं गवत दरसाली कापत्यात, कौल कुनी लावत न्हाई. मी चूल पेटवायच्या आधी आवाज देते, मंग हे उठून लांब लिंबाखाली जाऊन बसत्यात. जाळ बसला, इंगळ झालं की हाक मारते. येत्यात. भाकरी मोडून घास भरवते. कधी घास मोठा झाला की म्हनत्यात, भागे, मारतीस का? म्हनते, आगीला जमलं न्हाई ते मला कुठनं जमायचं. चाललंय आमचं असं. च्या ठिवते, बसा. देव तुमाला सुखी ठेवो, आन तुमच्या घरचा जाळ तुमच्या चुलीतच ऱ्हावो.